पाळलेला अजगर आणि बांधावरची घोणस

सर्पदंश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शेतातला, पावसाळ्यातला, रात्रीच्या अंधारातला प्रसंग येतो. आज थोडा वेगळा विषय घेत आहे. घरात हौसेने पाळलेला साप चावला तर काय करायचे? काही वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कोणी विचारला असता तर मी हसलो असतो. आता हसण्यासारखे राहिलेले नाही. मुंबई-पुण्याकडे शिकायला गेलेली आपली मुले सुटीत घरी येतात, तेव्हा कपड्यांच्या बॅगेबरोबर कधी कधी एक प्लॅस्टिकचा डबाही येतो. त्यात वेटोळे घालून बसलेला असतो एक विदेशी अजगर. गेल्या काही वर्षांत असे दोन-तीन ‘पाळीव’ चावे माझ्या दवाखान्यात आले. प्रत्येक वेळी चावा किरकोळ होता आणि घरच्यांची घाबरगुंडी मात्र मोठी होती.

हा पाहुणा कोण?

या अजगराला बॉल पायथन म्हणतात. घाबरला की डोके मध्ये घेऊन तो चेंडूसारखे गोल वेटोळे करतो, म्हणून हे नाव. मूळचा तो पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा, म्हणजे घाना, टोगो, बेनिन या देशांकडचा. आपल्या देशी अजगरापेक्षा तो पुष्कळ लहान, साधारण तीन ते पाच फुटांचा असतो. स्वभावाने लाजाळू आणि बिनविषारी. त्यामुळे जगभर हौशी लोक तो पाळतात, आणि या हौसेपायी त्याचा चोरटा व्यापारही चालतो. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात केक-बिस्किटांच्या पुड्यांत दडवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले होते.

कायद्याचे दोन शब्द येथेच सांगून टाकतो. आपले देशी साप, म्हणजे नाग, अजगर, धामण, मांडूळ, पकडून घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. विदेशी जातींबाबतही २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम निघाले. त्यांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने सरकारदरबारी नोंद करणे बंधनकारक आहे. विकणारा ‘काही लागत नाही’ म्हणाला, एवढ्यावर विसंबू नये.

तो चावतो केव्हा?

अजगर दोन कारणांनी चावतो. एक भीतीने आणि दुसरे भुकेने. भीतीने चावतो तेव्हा झटकन तोंड मारतो आणि सोडून देतो. त्वचेवर बारीक टोचल्यासारख्या ठिपक्यांची कमान उमटते, थोडे रक्त येते आणि प्रकरण संपते.

भुकेचा चावा वेगळा. अजगराच्या ओठांवर उष्णता जाणणारे लहान खड्डे असतात. डोळ्यांपेक्षा त्याचा भरवसा ऊब आणि वास यांवर जास्त. ज्या हाताने आताच उंदीर उचलला, तोच हात न धुता डब्यात घातला, तर अजगराच्या दृष्टीने तो हात म्हणजे उंदीरच! तो पकडतो, सोडत नाही, आणि मनगटाभोवती वेढे घालतो. यात त्याचा राग नसतो, खोडसाळपणाही नसतो. चूक भरवणाऱ्याची असते.

माझ्याकडे आलेल्या एका कॉलेजकुमाराचे नेमके असेच झाले होते. अंगठ्याला चावा होता. त्याची आजी शिरपूरकडची. तिने दंडाला नाडा करकचून बांधला होता, चाव्यावर हळद आणि चुना थापला होता, आणि दवाखान्याच्या पायरीवरूनच ती ओरडत आली, “डॉक्टर, मन्हा नातूले साप चावना हो!” हात नाड्याने काळानिळा पडायला लागला होता. सापाच्या चाव्याने झाले नसते तेवढे नुकसान त्या नाड्याने झाले असते. नाडा हळूहळू सोडला, जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि दोन तास बसवून ठेवून त्याला घरी पाठवले. चौथ्या दिवशी जखम भरली. आजीची भीती भरून यायला मात्र महिना लागला असेल.

चावल्यावर काय करावे?

साप आपलाच आहे, डब्यातलाच आहे आणि बिनविषारी जातीचाच आहे, याची शंभर टक्के खात्री असेल तरच पुढचे वाचावे.

साप धरून बसला असेल तर हात हिसकावू नये. त्याचे दात सुईसारखे बारीक आणि आत वळलेले असतात. ओढाओढीत आपली कातडी फाटते आणि त्याचे दात मोडून जखमेत राहतात. सापाचे अंग खालून आधार देऊन धरावे, वेढे शेपटीकडून सोडवावेत आणि तोंडावर गार पाण्याची धार सोडावी. बहुधा तो सोडतो. सोडत नसेल तर डोके किंचित पुढे, म्हणजे चाव्याच्या दिशेनेच, ढकलावे; म्हणजे दातांचे आकडे सुटतात.

नंतर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली दहा मिनिटे धुवावी. रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. पोव्हिडोन आयोडीन लावावे. हळद, चुना, तंबाखू, शेण, राख यांपैकी काहीही नको. गेल्या पाच-दहा वर्षांत धनुर्वाताची लस घेतली नसेल तर ती घ्यावी. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता टीडी मिळते. कुत्रा चावल्यावरची लस मात्र येथे लागत नाही. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे, सापापासून तो होत नाही.

प्रत्येक चाव्याला प्रतिजैविकाच्या गोळ्या लागतातच असेही नाही. मात्र चावा डोळ्याजवळ, चेहऱ्यावर किंवा बोटाच्या सांध्यावर असेल, दात आत मोडला असेल, रुग्णाला मधुमेह असेल, किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली पसरली, पू झाला, ताप आला, तर डॉक्टरांना हात दाखवावा. आणि दाखवताना लपवाछपवी नको. ‘खिळा लागला’ असे सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. खरे सांगितले तर उपचार सोपे होतात.

प्रतिविषाचा हट्ट नको

वर सांगितलेल्या मुलाबरोबर आलेल्या मंडळींचा एकच घोष होता, “डॉक्टरसाहेब, सापाचे इंजेक्शन द्या.” समजूत घालायला वेळ लागला. सर्पविषावरचे आपल्याकडचे इंजेक्शन, म्हणजे प्रतिविष, हे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून ते तयार करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामासाठी आपल्या जुन्या पिढीला चांगले ठाऊक आहे. ज्याच्या अंगात विष गेलेलेच नाही त्याला हे औषध देऊन फायदा शून्य. उलट घोड्याच्या प्रथिनांमुळे अंगावर गांधी उठणे, धाप लागणे, रक्तदाब एकदम कोसळणे असे प्रकार होऊ शकतात. शिवाय ज्याला ते खरोखर हवे आहे त्या शेतमजुराच्या वाट्याची एक कुपी कमी होते ती वेगळीच. साप साप म्हणून भुई धोपटण्यात शहाणपण नाही.

भरवताना होणारे घोटाळे

चाव्यापेक्षा जास्त गडबड होते ती भरवण्यात. अजगर उंदीर खातो, आणि घरात अजगर आला की त्याच्या मागोमाग उंदीरही येतो. काही जण जिवंत उंदीर डब्यात सोडतात. अजगराला भूक नसली तर तोच उंदीर अजगराला कुरतडतो, हे अनेकांना ठाऊक नसते. उंदीर हाताळताना माणसालाही चावतो. हा चावा अजगराच्या चाव्यापेक्षा मी जास्त गंभीर मानतो. उंदीर चावल्यावर काही दिवसांनी थंडी वाजून ताप, अंगावर पुरळ आणि सांधेदुखी असा आजार होऊ शकतो. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरा पसरतो. म्हणून उंदराचा चावा साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा आणि पुढे ताप आला तर चाव्याची आठवण करून द्यावी.

काही जण मेलेले उंदीर बर्फात ठेवतात. ते ठीक, पण कोणत्या बर्फात? घरच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी? आपल्याकडे अंडे आणले तरी वेगळे भांडे काढणाऱ्या घरांत हे चालू असते आणि आईला त्याचा पत्ता नसतो! उंदीर ठेवायची जागा, वितळवायचे भांडे, चिमटा, सगळे स्वतंत्र हवे. स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध नको. भरवताना हाताने नव्हे, लांब चिमट्याने भरवावे. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा मोठे नसावे. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हातात घेऊ नये, नाहीतर गिळलेले तो ओकतो. भरवताना लहान मुले शेजारी नसावीत.

आता हवामानाचे पाहा. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही. भोवतालच्या उबेवरच त्याचे पचन चालते. बॉल पायथनला साधारण २६ ते ३२ अंश तापमान मानवते. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतला डबा म्हणजे त्या जीवाला भट्टी. थंडीत पोटातला उंदीर पचत नाही, सडतो आणि बाहेर पडतो. एरवीही हा साप कित्येक आठवडे, कधी महिनेही, खात नाही. मग मालक घाबरून तोंड उघडून कोंबायला जातो, सापाचा जबडा दुखावतो आणि स्वतःचे बोट चावून घेतो. खात नसेल तर जागा, ऊब, आडोसा तपासावा आणि पशुवैद्यकाला विचारावे. सापांचा अनुभव असलेला पशुवैद्यक आपल्या तालुक्याच्या गावी मिळणे कठीण, हेही साप घेण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

भरवण्याचा आणखी एक घोटाळा आपल्या घरोघरचा आहे. साप दूध पीत नाही. दूध हे सस्तन प्राण्याच्या पिल्लाचे अन्न आहे, सापाला ते पचत नाही. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दुधाला तोंड लावतो तो तहानेने कासावीस झालेला असतो म्हणून. ते दूध त्याच्या फुफ्फुसात जाऊन अनेक नाग नंतर मरतात. श्रद्धेने नमस्कार जरूर करावा, तो वारुळाला किंवा पाटावरच्या चित्राला. दुधाची वाटी घरातल्या लेकराला द्यावी.

साप न चावताही आजार

सर्पपालनातला एक धोका चाव्याशिवायचा आहे, आणि तो घरातल्या तान्ह्या बाळाला आहे. साप, कासव, सरडे यांच्या आतड्यांत साल्मोनेला नावाचे जंतू असतात. प्राणी धडधाकट दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून हे जंतू त्याच्या अंगावर, डब्यावर आणि मग आपल्या हातावर येतात. मोठ्या माणसाला जुलाब-तापावर निभावते; पाच वर्षांखालील मूल, गरोदर बाई, म्हातारी माणसे यांच्यात हा आजार रक्तात पसरू शकतो. अमेरिकेत लहान कासवांमुळे मुलांना हा आजार इतका होऊ लागला की १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवे विकायला तेथे बंदी घालावी लागली. आपल्याकडे फिशटँकच्या दुकानातली लाल कानांची कासवे कौतुकाने घरी आणली जातात, त्यांनाही हीच गोष्ट लागू आहे. प्राणी हाताळला की साबणाने हात धुणे, त्याचा डबा स्वयंपाकाच्या ओट्यावर न धुणे आणि लहान मुलाच्या तोंडाजवळ साप न नेणे, हे तीन नियम मोडू नयेत.

माझी खरी काळजी

एवढे वाचून कोणी म्हणेल, डॉक्टर, म्हणजे चावा किरकोळ, काळजी घेतली की झाले. मग हरकत काय? हरकत आहे, आणि ती सांगण्यासाठीच आजचा लेख लिहितो आहे.

घरात अजगर पाळणारा मुलगा चार-सहा महिन्यांत गल्लीतला सापांचा जाणकार ठरतो. कुणाच्या गोठ्यात साप निघाला, बोलवा त्याला. त्याच्या हाताला सापाचा स्पर्श सवयीचा झालेला असतो. दोन-तीन चावे पचवलेले असतात. ‘काही होत नाही’ हा अनुभव पक्का झालेला असतो. आणि मग एक दिवस कपाशीच्या शेतात किंवा केळीच्या बागेत पालापाचोळ्यात एक जाडसर, तपकिरी, अंगावर ठिपके असलेला साप दिसतो. ‘अजगराचे पिल्लू!’ म्हणून तो हात घालतो. ते पिल्लू घोणसीचे असते.

हे काल्पनिक नाही. अजगराचे पिल्लू समजून घोणस हातात घेतल्याचे प्रसंग आपल्या राज्यात घडत आले आहेत. माझ्याकडे आलेला एक सालदार असाच होता. बोटभर लांबीची जखमही नव्हती, दोन ठिपके फक्त. तासाभरात हात कोपरापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागले. त्याला तातडीने धुळ्याला हलवले. जीव वाचला, पण मूत्रपिंडे बिघडल्यामुळे पुढे कित्येक दिवस डायलिसिसवर काढावे लागले, आणि घरची बैलजोडी विकली गेली. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते, एका वेळी वीस-चाळीससुद्धा, आणि ती पावसाळ्याच्या तोंडाशी. पिल्लू जन्मतःच विषारी असते. म्हणजे नेमक्या पेरणीच्या दिवसांत बांधावर ‘अजगराची पिल्ले’ दिसू लागतात!

नावांचाही घोळ आहेच. ‘डुरक्या घोणस’ नावाचा एक साप पूर्ण बिनविषारी, पण नावात घोणस आणि रूपही तसेच. मांडुळाला लोक दुतोंड्या म्हणतात. तो चाटला तर कोड फुटते म्हणून त्याला भितात, आणि गुप्तधनाच्या लोभाने त्यालाच पोत्यात घालून हिंडतात. जाणकार म्हणवणारेही फसतात. घोणसीच्या पाठीवर साखळीसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी असतात आणि ती प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, ही खूण पुस्तकात वाचायला ठीक. अंधारात, गवतात, घाईत ती खूण कोणाला दिसणार?

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. आपल्या केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. असे असताना आपल्याच घरात ‘साप चावला तरी काही होत नाही’ हा धडा मुलांनी गिरवावा, हे मला पटत नाही. विषाची परीक्षा कोणी पाहू नये असे म्हणतात. बिनविषारी सापावर सराव करून तर मुळीच पाहू नये.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. आपल्या भागात, आपल्या हवामानात, आपल्या घरांत अजगर पाळण्याची हौस करू नये. ज्याला सापांची आवड आहे त्याने पुस्तके वाचावीत, सर्प-ओळखीच्या शिबिरांना जावे, शेतकऱ्यांना गमबूट आणि बॅटरीचे महत्त्व पटवावे. सापावरचे प्रेम म्हणजे त्याला डब्यात ठेवणे नव्हे. ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांनी नोंद करावी, वरचे नियम पाळावेत, आणि जमत नसेल तर वनविभागाला कळवावे. त्याला तापीच्या काठी किंवा सातपुड्यात सोडून देऊ नये. परदेशी जीव येथे जगणार नाही, किंवा जगला तर येथल्या जीवांना उपद्रव होईल.

आणि सर्वांसाठी एक सूत्र: ओळखीचा, डब्यातला साप चावला तर साबण-पाणी, अनोळखी साप चावला तर थेट रुग्णालय. मधला तिसरा मार्ग नाही. अनोळखी साप चावल्यास माणसाला धीर द्यावा. अंगठी, बांगड्या, पैंजण, बूट काढावेत. चावलेला हात-पाय मोडल्यासारखा फळीला बांधून स्थिर ठेवावा. नाडा आवळू नये, कापू नये, चोखू नये, बर्फ लावू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिकेला उशीर होत असेल तर मिळेल त्या गाडीने निघावे. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जखम लहान दिसते म्हणून थांबू नये. मण्यारीच्या चाव्याची तर खूणही दिसत नाही. झोपेतून उठलेल्या माणसाचे पोट दुखू लागते आणि पापण्या जड होतात, एवढेच.

साप मारून पुरावा म्हणून आणायचीही गरज नाही. डॉक्टर थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटे तसेच ठेवतात. ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनल्याचे कळते. नाग-मण्यारीचे विष पापण्यांवरून आणि श्वासावरून ओळखू येते. घरात किंवा गोठ्यात साप निघाला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि तोवर लांब उभे राहावे. गल्लीतल्या ‘अजगरवाल्या’ मुलाला मात्र हाक मारू नये. तोही कोणाचा तरी एकुलता एक असतो.